चोवीस नंबरचा ब्रेड

गावाचं नाव सांगत नाही. दारव्ह्यापासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसावर आणि एस.टी.नं जवळजवळ तितक्याच वेळावर आहे, एवढं पुरे. जास्त सांगितलं तर ज्यांच्या दंडावर त्या दिवसाची गाठ अजून हाताला लागते अशी वीस-बावीस प्रतिष्ठित माणसं भांडायला येतील. त्यांना खोटं ठरवणंही कठीण जाईल, कारण आरसा त्यांच्या ब्रेडमध्ये खरोखरच नव्हता.

वामनराव डबीर त्या गावचे पोस्टमास्तर होते. निवृत्त झाल्यावर माणूस देवळात जातो, नाहीतर जमिनीचा दावा लावतो. वामनरावांनी परसात भट्टी बांधली आणि ब्रेड काढायला सुरुवात केली. नागपूरला भाच्याकडे त्यांनी मेणकागदात गुंडाळलेला ब्रेड पाहिला होता, आणि त्यात त्यांना बंद पाकिटाची शिस्त दिसली होती. दारव्ह्याच्या छापखान्यातून त्यांनी मेणकागद छापून आणला. त्यावर ‘शुद्ध, पौष्टिक, हस्तस्पर्शविरहित’ असे शब्द होते. पीठ मळायला तांड्यावरची रुपीबाई यायची. चाळीस माणसांच्या भाकरी एका बैठकीत थापणारी बाई ती, कोपरापर्यंत हात घालून मळायची. हस्तस्पर्शविरहित म्हणजे गिऱ्हाइकाच्या हस्ताचा स्पर्श, असा खुलासा वामनरावांनी मनाशी करून ठेवला होता. तो विचारण्याची वेळ वर्षभर कोणावर आली नाही.

साचे चोवीस, म्हणून ब्रेड चोवीस. पण पस्तीस वर्षं रजिस्टर पत्रं हाताळलेला माणूस ब्रेड नुसता विकणार कसा? प्रत्येक ब्रेडवर नंबर पडायचा, तारखेचा शिक्का पडायचा, आणि घेणाऱ्याची एका लांबरुंद वहीत सही व्हायची. वहीला रकाने होते : क्रमांक, घेणाराचे नाव, कोणाकरिता, कारण, सही. यातला ‘कारण’ हा रकाना कशासाठी, हे खुद्द वामनरावांनाही सांगता आलं नसतं. सरकारी कागदाला शेवटी एक रकाना लागतोच, त्याशिवाय कागद उघडा वाटतो, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. या एका रकान्यानं पुढे गावाला जे भोगायला लावलं ते ऐकल्यावर कोणीही शहाणा माणूस कोरी वही वापरील.

त्याचं असं झालं, की त्या गावात ब्रेड हे आजाऱ्याचं अन्न होतं. डॉक्टरनं दूध-ब्रेड सांगितला म्हणजे घरचे हळू आवाजात बोलू लागायचे. वामनरावांचे शेजारी पुंडलिकराव यांनी पहिल्याच दिवशी ओट्यावर बसून निकाल दिला होता, “मास्तर, तुम्ही हे काहून करून राह्यले? डबलरोटी कोन खाते? जो खाटेवर पडला तो. अन आपलं गाव तं धडधाकट हाये.” पुंडलिकरावांचं म्हणणं अर्धं खरं होतं. गाव धडधाकट होतं, पण ब्रेड गावाला आवडला. आता धडधाकट माणसानं चहात बुडवून खायला ब्रेड घेतला, हे वहीत सहीनिशी कबूल कसं करायचं? मग ‘कारण’ या रकान्यात प्रत्येकानं आपल्या ऐपतीप्रमाणे आजार लिहायला सुरुवात केली. कोणी ताप लिहिला, कोणी हगवण. वामनराव वाचायचे नाहीत. पोस्टमास्तरनं दुसऱ्याचं पत्र वाचायचं नसतं.

याच तत्त्वानं त्यांनी स्वतःचा ब्रेड कधी चाखलाही नव्हता. बांधलेलं पाकीट फोडायचं नसतं. त्यांच्या पत्नी रत्नप्रभाबाईंनी तर “हे माझ्या चुलीजवळ आणायचं नाही” असं सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं. तेव्हा डबीरांच्या घरात ब्रेड शिरत नसे. वामनरावांना सकाळी लागायचा तो बायकोच्या हातचा शिरा. त्या शिऱ्याला गेल्या वर्षभरात एक वेगळाच खरपूसपणा आला होता आणि ते दर दोन दिवसांनी तसं बोलूनही दाखवत. रत्नप्रभाबाई म्हणायच्या, “रवा चांगला भाजला की होतो.”

वामनरावांचा सगळा जीव कशात होता, तर ‘शिल्लक : शून्य’ या दोन शब्दांत. सुरुवातीच्या महिन्यात तेवीस ब्रेड जायचे आणि चोवीस नंबरचा राहायचा. तो समोर ठेवून वामनराव ओट्यावर बसायचे आणि जेवायला उठायचे नाहीत. सलग आठ दिवस एक जरी राहिला तरी भट्टी मोडून टाकीन, असं त्यांनी पुंडलिकरावांसमोर बोलून ठेवलं. सातव्या दिवशी कोंडवाड्याचा राखणदार धावजी आला, सासूकरिता म्हणून चोवीस नंबरचा ब्रेड घेऊन गेला, आणि ‘कारण : कमजोरी’पुढे अंगठा उठवून गेला. त्या दिवसापासून धावजी रोज यायचा. वामनराव तेव्हापासून गावात मान वर करून चालायचे आणि भेटेल त्याला सांगायचे, की चोवीसच्या चोवीस जातात, एकही मागे राहत नाही.

त्रेसष्ट सालच्या मार्गशीर्षात, एका सकाळी सगळे ब्रेड गेल्यावर रुपीबाई हात धुता धुता थांबली. तिच्या काचळीच्या, म्हणजे तांड्यावरच्या चोळीच्या, दोन्ही बाह्यांवर नखाएवढे आरसे टाकलेले होते. तिनं एक बाही मोजली, मग दुसरी मोजली.

“मास्तर,” ती म्हणाली, “या बाहीवर एकवीस हायेत अन हिच्यावर वीस. मळाले बसली तवा सारे होते.”

वामनरावांनी परात पालथी केली, पोती झटकली, भट्टीसमोरची जमीन हातानं चाचपली. मग त्यांनी तपकिरीची चिमूट ओढली आणि गप्प राहावं का, असा विचार एक क्षणभर केला. हे त्यांनी पुढे स्वतःच कबूल केलं. पण कोणाच्या तरी लेकराच्या घशात काच अडकल्याचं चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. शिवाय रुपीबाई तिथेच उभी होती आणि हलायला तयार नव्हती. “कोनाच्या पोटात गेला तं मी तांड्यावर तोंड काय दाखवू,” असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. वामनरावांनी कोट चढवला, वही काखेत मारली आणि चोवीस ब्रेड परत आणायला ते बाहेर पडले. पोस्टात असताना अशी कितीतरी पत्रं त्यांनी धन्याकडे परत लावली होती, त्यामुळे तासाभराचं काम आहे अशी त्यांची समजूत होती.

पहिलं घर मारोतरावांचं. वहीप्रमाणे ते टायफॉइडनं आजारी होते. प्रत्यक्षात ते अंगणात लाकडं फोडत होते. टायफॉइडचा ब्रेड परत हवा, असं वामनरावांनी म्हणताच मारोतरावांनी कुऱ्हाड खाली ठेवली आणि विचारलं, की मी परवा पायी दारव्ह्याचा बाजार करून आलो, मले टायफॉइड कोन लावला? आतून ताज्या ब्रेडचा वास येत होता. पण वासावर सही घेता येत नाही. वामनराव पुढे निघाले.

कोकिळाबाईंच्या नावापुढे ‘बाळंतीण सुनेकरिता’ असं होतं. सून वर्षभर घाटंजीला नवऱ्याजवळ होती आणि बाळंत होण्याचं तिच्या मनातही नव्हतं. कोकिळाबाईंनी दारातच सगळं नाकारलं. पण वामनरावांचा आवाज टपालाच्या खिडकीतून बोलण्याचा, तो आळीभर गेला. दुपारी शेजारणी डिंकाचे लाडू घेऊन आल्या. कोणीतरी हौशी माणसानं मुलाला अभिनंदनाची तार केली. मुलगा संध्याकाळच्या गाडीनं घाटंजीहून धावत आला, तो बायकोला घेऊनच, कारण सगळ्यात आधी खुलासा त्यालाच तिच्याकडून हवा होता.

बारा घरं झाली. बाराही घरांत कोणी आजारी नव्हतं, कोणी नव्हतंच झालं, आणि ब्रेड हा पदार्थ त्यांनी पाहिलेलासुद्धा नव्हता. सह्या मात्र सगळ्यांच्या होत्या. पुंडलिकराव ओट्यावरून हे पाहत होते. त्यांनी विचारलं, की कागदावर हस्तस्पर्शविरहित छापलं हाये, मंग बाईची बाही आत कुठून गेली? वामनरावांनी मनाशी तयार ठेवलेला खुलासा या वेळी त्यांच्या तोंडून बाहेर पडेना. त्याऐवजी ते एवढंच म्हणाले, की चोवीसच्या चोवीस ब्रेड हाती येईपर्यंत मी तपकिरीला शिवणार नाही. वामनरावांची तपकीर सुटली हे ऐकून पुंडलिकराव पहिल्यांदाच गंभीर झाले.

लोक ऐकत नाहीत, तेव्हा कागद सरकारी हवा, असं वामनरावांनी ठरवलं. सॅनिटरी इन्स्पेक्टर मधुसूदन पांढरीपांडे नुकतेच नोकरीवर आले होते. तरुण माणूस, पहिलंच ठाणं, आणि तीन महिन्यांत वर कळवण्यासारखं काहीही घडलेलं नाही, या दुःखात बसलेला. त्यांनी अर्ज नीट वाचला. मग टेबलाचे सगळे खण उघडून पाहिले. पिसाळलेल्या कुत्र्याचा नमुना होता, तुंबलेल्या गटाराचा होता, बेवारस प्रेताचाही होता. दिलेला ब्रेड परत घेण्याचा नमुना सरकारनं काढलेला नव्हता. जोडपत्र म्हणून काही आहे का, असं त्यांनी विचारलं. वामनरावांनी वही पुढे केली.

पांढरीपांडे ‘कारण’ हा रकाना वरून खाली वाचत गेले आणि त्यांचा चेहरा उजळत गेला. एका सकाळी, एकाच गावात, सात ताप, पाच हगवणी, दोन टायफॉइड, आणि बाकी बहुतेक कमजोरी. मागचं पान उलटलं तर तेच. त्याच्या मागचं पान उलटलं तरी तेच. वर्षभर गाव आजारी होतं आणि खात्याला पत्ता नव्हता. साथीच्या रोगाचा नमुना मात्र खणात होता, अगदी वरच होता. वामनराव आरशाबद्दल सांगत राहिले आणि पांढरीपांडे लिहीत राहिले. तासाभरात तार गेली. ज्या खिडकीतून वामनरावांनी पस्तीस वर्षं लोकांच्या तारा पाठवल्या, त्याच खिडकीतून ती गेली, याचं त्यांना सगळ्यात जास्त लागलं.

त्या रात्री ते नीट जेवले नाहीत. रत्नप्रभाबाईंनी दोनदा विचारलं, की तपकीर ओढली नाही का आज. त्यांनी कोट खुंटीला टांगला आणि ते भिंतीकडे तोंड करून पडले. सकाळी शिरा पुढे आला तो मात्र त्यांनी मुकाट्यानं खाल्ला. दुःखातही तो चांगला लागला.

दुपारी तालुक्याहून पथकाची जीप आली. सोबत एक डॉक्टर आणि लसीच्या बाटल्यांची पेटी होती. गावात चार भिंती आणि एकच फाटक असलेली, माणूस पळून जाऊ शकणार नाही अशी जागा फक्त कोंडवाडा होती. धावजीनं दोन म्हशी आणि एक उनाड बैल बाहेर काढला आणि गावची प्रतिष्ठित मंडळी आत घेतली. कोतवालानं दवंडी दिली, की ज्याचं ज्याचं नाव डबीर मास्तरांच्या वहीत असंन त्यानं हजर व्हावं. पांढरीपांडे वहीतून नावं पुकारू लागले. लोकांना धीर यावा म्हणून पहिलं इंजेक्शन साथीचा मूळ पुरुष या नात्यानं वामनरावांना देण्यात आलं. सुई बघून लोकांचा होता तो धीरही गेला.

आता मात्र मंडळींना सत्य आठवलं. आम्ही आजारी नव्हतो, आम्हाला नुसता ब्रेड आवडतो, असं जो तो सांगू लागला. कोणाकोणाच्या धोतराच्या सोग्यातून, कोणाच्या पदराखालून, न फोडलेले ब्रेड पुरावा म्हणून बाहेर आले. कालच्या आरशाची बातमी कळल्यावर कोणी खाल्लेच नव्हते, पण टाकून द्यायचा जीव कोणाचाच झाला नव्हता. डॉक्टर म्हणाले, की सही आहे ना, मग दंड पुढे करा. मारोतरावांनी दंड पुढे केला. कोकिळाबाईंनी केला. नऊ नंबर पुकारला तेव्हा ‘बैलाकरिता, कारण : अपचन’ असं निघालं, आणि गर्दीतून पुंडलिकराव पुढे आले. वर्षभर डबलरोटीला नावं ठेवणारा माणूस तो. वामनरावांकडे न बघता त्यांनी बाही वर केली. बैलाला बोलावू का, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा पुंडलिकराव म्हणाले, “बैलानं कुठं खाल्ली, साहेब. मीच खातो.”

गुरांच्या गव्हाणीवर तेवीस ब्रेड ओळीनं मांडले. रुपीबाईनं एकेक फोडला, चुरा बोटांनी चाळला. आरसा कशातच नव्हता. म्हणजे तो चोवीस नंबरच्या ब्रेडमध्ये होता.

“क्रमांक चोवीस,” पांढरीपांडे म्हणाले. “धावजी, सासूकरिता. कमजोरी. पेशंट कुठे आहे?”

धावजी फाटकाशी उभा होता. सासू येऊ शकत नाही, असं तो म्हणाला. ब्रेड कुठे आहे, तर सासूनं खाल्ला. काचेसकट? असंन. डॉक्टरांनी तात्काळ गाडी जोडायला सांगितली, बाईला आजच यवतमाळच्या दवाखान्यात न्यावं लागेल. धावजी जागचा हलेना. वामनरावांनी त्याचे दोन्ही हात धरले आणि अक्षरशः विनवलं, की धावजी, त्या म्हातारीच्या जिवाला काही झालं तर मी जन्मभर स्वतःला माफ करू शकणार नाही.

तेवढ्यात रुपीबाई चुऱ्याचे हात झटकत पुढे आली. “कोनती सासू, धावजी? तुही सासू म्हंजे माही मावशी. चार वर्सं झाली तिले जाऊन. तिच्या तेरवीचं मी जेवली हाये.”

पांढरीपांड्यांनी वहीवर पेन्सिल टेकवली आणि तशीच धरून ठेवली. चार वर्षांपूर्वी वारलेली बाई वर्षभर रोज एक ब्रेड खाते, हे कोणत्या नमुन्यात बसतं, ते त्यांना सुचेना.

धावजीनं डोक्यावरचं मुंडासं काढलं. तो फक्त वामनरावांशी बोलला, पण ऐकलं सगळ्यांनी.

“मास्तर, मी तुमच्या घरच्या बाईले शब्द देल्ला होता. बाई म्हने, रोज एक उरते अन मास्तर जेवत नाहीत. तू घेत जा, नाव कोनाचंही लाव, अन मांगच्या दारानं मले आनून देत जा. मी म्हनलं, जित्या मानसाचं नाव कायले लावू, त्याले दुखनं लागंन. म्हून मेलेलीचं लावलं.”

कोणी हसलं नाही. हसले असते तर वामनरावांना बरं वाटलं असतं. गावातली बावीस-तेवीस माणसं, दंड चोळत, त्यांच्याकडे पाहत उभी होती, आणि पुंडलिकरावांनी तर नजर जमिनीकडे वळवली होती. वामनरावांनी वही काखेत घेतली आणि ते फाटकाबाहेर पडले. पांढरीपांडे मागोमाग निघाले, तर रुपीबाईनं फाटक लावून घेतलं आणि आतून कडी घातली.

रत्नप्रभाबाई स्वयंपाकघरात कढई घासत होत्या. वामनराव उंबऱ्यातच उभे राहिले. रागानं बोलायचं असं त्यांनी वाटेत ठरवलं होतं, पण शब्द निघाले ते वेगळेच.

“चोवीस नंबर कुठे आहे?”

“तुम्हीच खाल्लात,” रत्नप्रभाबाई म्हणाल्या. “सकाळी. शिरा.”

वामनरावांनी पोटावर हात ठेवला. मग त्यांच्या हळूहळू ध्यानात आलं, की हा आजचाच शिरा नव्हे. वर्षभराचा शिरा, मधूनमधूनचे ते खुसखुशीत वडे, आणि आषाढातलं ते थालीपीठ, जे त्यांनी दोनदा मागून घेतलं होतं. जगात आपला ब्रेड न चाखलेला एकच माणूस, असा ज्यांना अभिमान होता, त्यांनीच तो सगळ्यात जास्त खाल्ला होता.

“आणि आरसा?”

“तो कालच दुपारी सापडला, ब्रेड कुस्करताना. रुपीबाईला दिला असता तर कुठे मिळाला, हे तुम्ही विचारलं असतं. म्हणून रात्री तुमच्या कोटाच्या खिशात टाकला, तपकिरीच्या डबीजवळ. दिवसातून वीसदा हात जातो तुमचा तिथे. म्हटलं, तुम्हालाच सापडेल, आणि कुणाला काही कळायचं नाही. आता एवढे दोन दिवस तपकीर का नाही ओढलीत तुम्ही?”

वामनरावांनी खिशात हात घातला. डबी लागली, आणि डबीच्या बाजूला नखाएवढा आरसा लागला. सबंध गावाला सुया टोचल्या जात असताना तो त्यांच्या पोटाला घासत कोंडवाड्यात उभा होता. ते पाटावर बसले. ठसका लागल्यासारखे ते हसू लागले, आणि मग ते हसणं कुठे थांबलं आणि डोळ्यांतलं पाणी कुठे सुरू झालं ते त्यांना कळलं नाही. रत्नप्रभाबाईंनी कढई बाजूला ठेवली आणि पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला.

दुसऱ्या दिवशी काय झालं ते सांगायलाच हवं. त्या लसीनं सगळ्या गावाला ताप भरला. दंड सुजले, जिभेची चव गेली, आणि डॉक्टरांनी जाता जाता प्रत्येकाला दोन दिवस दूध-ब्रेड सांगितला. पहाटेपासून डबीरांच्या परसात रांग लागली. मारोतरावांनी वहीत ‘कारण : ताप’ असं लिहिलं आणि या वेळी ते खरं होतं. पुंडलिकरावांनी ‘स्वतःकरिता’ असं लिहिलं, कारणाच्या जागी रेघ मारली, आणि आणखी एक मिळेल का, असं विचारलं. वामनराव म्हणाले, तेवीस संपले.

“अन हा चोवीस नंबर?”

“तो गेलेला आहे,” वामनराव म्हणाले.

रांग पांगल्यावर त्यांनी रुपीबाईला तिचा आरसा परत दिला आणि पोच म्हणून तिचा अंगठा घेतला. मग चोवीस नंबरचा ब्रेड आणि वही घेऊन ते स्वयंपाकघरात गेले. घेणाराचं नाव त्यांनी आधीच स्वच्छ अक्षरात भरलं होतं : सौ. रत्नप्रभा वामन डबीर. ‘कारण’ या रकान्यात एकच शब्द होता : नवरा. रत्नप्रभाबाईंनी तो वाचला, पदराला हात पुसला आणि समोर सही केली.